शब्दाचे लिंग, माणसाचे लिंग आणि 'बंधुजनहो'

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, हिब्रू भाषेत 'आत्मा' या अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे पवित्र आत्म्याला 'ती' म्हणायला हवे, असे आपल्याला अभ्यासवर्गात कोणी सांगितले. ते खरे आहे का? दुसरा, पौलाच्या पत्रांतील 'बंधुजनहो' या हाकेत बहिणी धरलेल्या आहेत की नाहीत, आणि उपासनेत वाचताना आपण 'बंधुभगिनींनो' म्हणावे का? तिसरा, रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील युनिया स्त्री होती की पुरुष? मी बरीच वर्षे मराठी विद्यार्थ्यांना नव्या कराराची ग्रीक आणि थोडीफार हिब्रू शिकवत आले आहे, आणि हे तिन्ही प्रश्न वर्गात पुन्हा पुन्हा येतात. तिघांचीही गाठ एकाच ठिकाणी पडलेली असते. शब्दाचे व्याकरणातील लिंग, त्या शब्दाने निर्देशिलेली व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, आणि लेखकाने योजलेली प्रतिमा बाईची आहे की पुरुषाची, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते.

खरे तर मराठी माणसाला ही सरमिसळ होण्याचे कारण नाही. खुर्ची 'ती', पंखा 'तो' आणि टेबल 'ते' असले, तरी खुर्चीत बाईपण शोधायला कोणी जात नाही. 'मूल' नपुंसकलिंगी आहे म्हणून आपण आपल्या मुलांना निर्जीव समजत नाही. ग्रीकमधला 'तेक्नोन' हा शब्दही असाच नपुंसकलिंगी आहे. अडचण होते ती बहुधा हा विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकल्यामुळे. त्या भाषेत नामांना लिंग नसल्याने तिच्या वाचकाला हिब्रूतले स्त्रीलिंग म्हणजे काही गूढ शोध वाटतो, आणि ते आश्चर्य आपण उसने घेतो.

आता आत्म्याविषयी. हिब्रूत दोनच लिंगे आहेत, आणि 'रूआख' हा शब्द, म्हणजे वारा, श्वास, आत्मा, बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी व काही ठिकाणी पुल्लिंगी येतो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात जलांवर घिरट्या घालणाऱ्या देवाच्या आत्म्याचे धातुसाधित स्त्रीलिंगी आहे, हे अगदी खरे. पण तोच अर्थ ग्रीकमध्ये 'प्न्यूमा' या नपुंसकलिंगी शब्दाने सांगितला जातो, लॅटिनमध्ये 'स्पिरितुस' या पुल्लिंगी शब्दाने. मराठीत 'माझा आत्मा' आणि हिंदीत 'मेरी आत्मा', हा तर एकच संस्कृत शब्द आहे. शब्दाच्या लिंगावरून आत्म्याचे लिंग ठरत असते, तर नागपूरहून जबलपूरला जाताना ते वाटेत कुठेतरी बदलले असते.

हिंदीचा दाखला मी मुद्दाम देते, कारण त्यात एक जुनी घडामोड आपल्याला प्रत्यक्ष पाहता येते. हिंदीत 'आत्मा' एरवी स्त्रीलिंगी असला, तरी हिंदी बायबलमध्ये 'पवित्र आत्मा आएगा' असे पुल्लिंगी क्रियापद येते. पूर्वेकडील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सुरियानी भाषेत सोळाशे वर्षांपूर्वी नेमके हेच घडले. त्या भाषेतला 'रूहा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि साधारण इ.स. ४०० पर्यंतचे सुरियानी ख्रिस्ती लेखक पवित्र आत्म्यासाठी स्त्रीलिंगी क्रियापदे निःसंकोच वापरत होते. पुढे वारा या अर्थाचा 'रूहा' स्त्रीलिंगीच राहिला, पवित्र आत्म्यासाठी मात्र पुल्लिंगी क्रियापदांची प्रथा पडत गेली. 'मेल्ता', म्हणजे शब्द, याचेही तसेच झाले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जुन्या सुरियानी भाषांतरात 'मेल्ता' व्याकरणानुसार स्त्रीलिंगी आहे, पण पेशित्ता या नंतरच्या सुरियानी भाषांतरात तो पुल्लिंगी केला आहे, कारण येथे शब्द म्हणजे येशू. पहिल्या भाषांतरकारांनी शब्दाचे लिंग पाळले, नंतरच्यांनी व्यक्तीचे.

यातून 'मूळ ख्रिस्ती धर्मात आत्मा देवी होती आणि पुढे तिला पुरुष केले' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो घाईचा वाटतो, पण त्याच्या उलट टोकाला जाऊन 'तो केवळ व्याकरणाचा योगायोग' म्हणणेही पटत नाही. चौथ्या शतकात पारसिक साम्राज्यात लिहिणारा सुरियानी लेखक अफ्राहात म्हणतो की, पुरुष लग्न करीत नाही तोवर तो आपला पिता देव आणि आपली माता पवित्र आत्मा यांच्यावर प्रेम करतो. येथे आई ही जाणीवपूर्वक योजलेली प्रतिमा आहे. भाषेने तिला वाट मोकळी करून दिली, पण त्या वाटेने जायचे अफ्राहातने ठरवले. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिगेनने इब्र्यांचे शुभवर्तमान या बायबलबाहेरील ग्रंथातून एक वाक्य उद्धृत केले आहे, त्यात येशू 'माझी आई पवित्र आत्मा' असे म्हणतो. ओरिगेनचे लेखन ग्रीकमध्ये आहे, म्हणजे जेथे शब्द नपुंसकलिंगी आहे त्या भाषेतही ही प्रतिमा पोहोचली होती. पाचव्या शतकाच्या आरंभी यशयावरील भाष्यात हेच वाक्य हाताळताना बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम वाचकाला सांगतो की यात बिचकण्यासारखे काही नाही; हा शब्द हिब्रूत स्त्रीलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी आणि ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, आणि देवत्वात लिंगभेद नाही. तिन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे, आणि सोळाशे वर्षांत त्यात सुधारणा करण्यासारखे मला फारसे आढळलेले नाही.

याच संदर्भात उलट बाजूने एक युक्तिवाद उपदेशांतून ऐकू येतो: योहानाने 'प्न्यूमा' नपुंसकलिंगी असूनही आत्म्यासाठी 'एकेइनोस', म्हणजे 'तो', हे पुल्लिंगी सर्वनाम वापरले, म्हणजे आत्मा ही व्यक्ती आहे हे सांगण्यासाठी त्याने मुद्दाम व्याकरण मोडले. सिद्धांत काहीही असो, हा पुरावा कच्चा आहे. योहानाच्या १४, १५ आणि १६ या अध्यायांत त्या सर्वनामाचा संबंध 'पाराक्लेतोस' या शब्दाशी लागतो, आणि तो पुल्लिंगीच आहे, जसा आपला 'कैवारी'. जेथे सर्वनाम थेट 'प्न्यूमा'शी जोडलेले आहे, उदाहरणार्थ १४:१७ मध्ये, तेथे योहान निमूटपणे नपुंसकलिंग वापरतो.

प्रतिमेचे लिंग ही तिसरी बाब, आणि ती समजायला मराठी वाचकाइतका तयार वाचक क्वचितच असेल. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो, 'माउलींची पालखी निघाली' असे बोलतो, आणि त्यामुळे विठ्ठल किंवा ज्ञानेश्वर स्त्री ठरले असे कोणालाही वाटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली मानून आळवले ते याच परंपरेतून. यशया ६६:१३ मध्ये आई मुलाचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, असे देव म्हणतो; ४२:१४ मध्ये तो प्रसववेदनांनी कण्हणाऱ्या बाईसारखा कण्हतो. याहूनही मला अनुवाद ३२:१८ विलक्षण वाटते. तेथे प्रसूतीच्या कळांचे क्रियापद आहे आणि त्याचे रूप मात्र पुल्लिंगी आहे. मराठीत शब्दशः मांडायचे तर 'तुला प्रसवणारा देव'. अनेक भाषांतरे येथे लाजून 'जन्म देणारा' किंवा 'उत्पन्न करणारा' असे काही सौम्य लिहितात. माझ्या मते 'प्रसवणारा' मधला खटका राहू द्यावा, कारण तो खटका हिब्रूतच आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर: मराठीत 'पवित्र आत्मा आला' असेच म्हणा. कोणी प्रार्थनेत आत्म्याला आई म्हटले तर त्याला अफ्राहातचा आधार आहे, हिब्रू व्याकरणाचा नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी उत्पत्ती १:२७ आपल्या मराठी पवित्र शास्त्रात उघडून पाहा. देवाने मनुष्य 'तो निर्माण केला' आणि लगेच 'नर व नारी अशी ती निर्माण केली'. हा 'ती' स्त्रीलिंगी नाही. ते नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि जुन्या छपाईतल्या अनुस्वारांमुळे ते डोळ्यांनाही दिसत असे. हिब्रूत मिश्र गटासाठी पुल्लिंगी अनेकवचनच आहे, ग्रीकमध्येही तसेच. मराठीजवळ मात्र वेगळी सोय आहे: दोन पुरुष आले तर 'ते दोघे आले', दोन बायका आल्या तर 'त्या दोघी आल्या', आणि एक बाई व एक पुरुष आले तर 'ती दोघे आली'. ही सोय आपण नेहमीच वापरतो असे नाही, 'आईवडील आले' असेही म्हणतो; पण ती आहे, आणि त्यामुळे मराठी भाषांतरकाराला जे ठरवावे लागते ते ग्रीक लेखकाला ठरवावे लागत नव्हते.

'आदेल्फॉय' या शब्दाचे कोडे येथेच सुटते. 'आदेल्फोस' म्हणजे भाऊ, 'आदेल्फे' म्हणजे बहीण, आणि 'आदेल्फॉय' हे अनेकवचन 'भाऊ' असेही असू शकते आणि 'भावंडे' असेही. हा काही आधुनिक सोयीचा अर्थ नाही. इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी आणि त्याची बहीण व पत्नी दुसरी आर्सिनोए या दोघांना मिळून 'थेऑय आदेल्फॉय', म्हणजे 'भावंड देव', म्हणत. त्या जोडीत भाऊ एकच होता. पौल फिलिप्पैकरांस लिहिताना ४:१ मध्ये 'आदेल्फॉय' अशी हाक मारतो आणि पुढच्याच वचनात युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांना नावाने विनवतो. नेमकेपणा हवा असेल तेथे दोन्ही शब्द येतात, जसे याकोब २:१५ मध्ये 'भाऊ किंवा बहीण'. म्हणून 'बंधुजनहो' या हाकेत बहिणी आहेत, हे मी निःशंकपणे सांगते. उपासनेत 'बंधुभगिनींनो' म्हटल्याने अर्थ बिघडत नाही. अर्थाला सर्वांत जवळचा शब्द 'भावंडांनो' आहे, पण तो फार घरगुती वाटतो. हा कानाचा प्रश्न आहे, व्याकरणाचा नाही.

मात्र ही सवलत सरसकट लागू करू नका. 'आनेर', अनेकवचनी 'आंद्रेस', हा शब्द बहुधा पुरुषच सांगतो. मत्तय १४:२१ मधले पाच हजार 'आंद्रेस' हे स्त्रिया व मुले वगळून मोजलेले आहेत. तरीही प्रेषितांची कृत्ये १७:३४ मध्ये काही 'आंद्रेस'नी विश्वास ठेवला असे सांगून लूक त्यांत दिओनुस्याबरोबर दामारी नावाच्या बाईचेही नाव देतो. शब्दकोश येथे संपतो आणि वाक्य वाचावे लागते. १ करिंथ १६:१३ मधले 'आंद्रिझेस्थे' हे क्रियापद 'आनेर'वरूनच आले आहे, आणि मराठीत आपण ते 'मर्दासारखे वागा' असे वाचत आलो; पण हे सांगितले आहे ते साऱ्या मंडळीला. यहोशवा १:६ मध्ये 'खंबीर हो, हिंमत धर' या अर्थी ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आहे. आपल्या 'मर्दुमकी'त आणि 'पुरुषार्था'तही पुरुष दडलेला आहेच, आणि तरी या दोन्ही गोष्टी आपण बायकांच्या बाबतीत बोलतो. इ.स. २०३ मध्ये कार्थेज येथे हुतात्मा झालेली पर्पेतुआ आपल्या स्वप्नात पुरुष होऊन मल्लाशी लढते, तेव्हा ती शौर्याची हीच भाषा बोलत असते. त्या भाषेत शौर्याला पुरुषाचेच नाव होते, ही खंत वेगळी.

जेथे पुल्लिंग पुसून टाकले तर मजकुराचे नुकसान होते अशी एक जागा सांगितलीच पाहिजे. गलती ३:२६ मध्ये पौल म्हणतो, तुम्ही सर्व देवाचे 'हुइऑय', म्हणजे पुत्र आहात. अलीकडे येथे 'लेकरे' लिहावे असा आग्रह असतो. हेतू चांगला आहे. पण ४:५ मध्ये येणारा 'हुइओथेसिया' हा शब्द दत्तकविधीचा आहे, आणि रोमी जगात दत्तक घेत ते बहुधा प्रौढ पुरुषाला, घराणे आणि मालमत्ता चालवण्यासाठी, रोमी सम्राट औगुस्ताने इ.स. ४ मध्ये तिबेर्याला दत्तक घेतले ते लहान मूल सांभाळायची हौस म्हणून नव्हे. सातारा आणि झाशीचा इतिहास शाळेत शिकलेल्या, 'दत्तक नामंजूर' हे शब्द ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याला मान्यता मिळाली. त्यापूर्वी दत्तक म्हणजे पुत्रच. अशा जगात गलतीयातील दासी, विधवा आणि लग्नाच्या मुली यांना पौल 'तुम्ही पुत्र आहात' असे सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ 'वारसाहक्क तुमचाही' असा होतो. 'लेकरे' म्हटले की वात्सल्य येते आणि सातबाऱ्यावरचे नाव जाते. दोन वचनांनंतर, ३:२८ मध्ये, 'नर आणि नारी हा भेद नाही' असे म्हणताना तो उत्पत्ती १:२७ च्या ग्रीक भाषांतरातले शब्द जसेच्या तसे उचलतो, म्हणून वाक्याची घडणही बदलते: 'यहूदी नाही वा हेल्लेणी (ग्रीक) नाही' अशी लय चालू असताना येथे 'नर आणि नारी' येते. मी भाषांतरात 'पुत्र' ठेवीन आणि उपदेशात दत्तकाची गोष्ट सांगेन. पौल स्वतः मात्र या शब्दाला चिकटून बसलेला नाही: रोमकरांस ८ मध्ये तो 'हुइऑय' वरून 'तेक्ना', म्हणजे मुले, यावर येतो आणि त्यांनाही वारस म्हणतो, आणि २ करिंथ ६:१८ मध्ये जुन्या करारातल्या 'पुत्र' या वचनात 'आणि कन्या' अशी भर घालतो.

आता युनिया. वर मी 'शिकवत आले आहे' असे लिहिले आणि मराठीने मी बाई असल्याचे सांगून टाकले. ग्रीक क्रियापद एरवी हे करीत नाही, पण धातुसाधित करते. इब्री लोकांस पत्र पौलाची सहकारी प्रिस्किल्ला हिने लिहिले असावे, असा तर्क आडोल्फ हार्नाक या जर्मन अभ्यासकाने १९०० मध्ये मांडला. त्याच्या वाटेत उभे आहे ते ११:३२ मधले एक धातुसाधित, 'सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही' या अर्थाचे, आणि ते पुल्लिंगी आहे. एका प्रत्ययाने व्यक्तीचे लिंग सांगितले जाते, असे हे उदाहरण. त्यामुळे हार्नाकचा तर्क मला आकर्षक वाटूनही मी तो स्वीकारत नाही.

युनियाच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. रोमकरांस १६:७ मध्ये पौल दोघांना सलाम सांगतो आणि त्यांना प्रेषितांच्या संदर्भात नावाजतो; त्यांतले हे नाव द्वितीया विभक्तीत आले आहे, 'इउनिआन', आणि त्या रूपावरून मूळ नाव स्त्रीचे की पुरुषाचे हे कळत नाही. जुन्या मराठीत कोणी 'युनियास सलाम सांगा' असे लिहिले, तर ते 'युनिया' या नावाला 'स' प्रत्यय लावून झाले की मुळातच नाव 'युनियास' आहे, हे जसे कळणार नाही, तसेच. ग्रीकमध्ये फरक केवळ स्वराघाताच्या चिन्हात आहे, आणि आरंभीच्या हस्तलिखितांत ती चिन्हे लिहीतच नसत.

मग निर्णय कशावर करायचा? नावांवर. 'युनिया' हे स्त्रीचे नाव सर्रास आढळते, एकट्या रोम शहरातील कोरीव लेखांत अडीचशेहून अधिक वेळा. 'युनियास' हे पुरुषाचे नाव त्या काळच्या एकाही लेखात सापडलेले नाही. वाचकांवर: चौथ्या शतकातील प्रसिद्ध उपदेशक योहान ख्रिसोस्तोम, ज्याची मातृभाषा ग्रीक होती आणि जो स्त्रियांच्या अधिकाराचा पुरस्कर्ता मुळीच नव्हता, या वचनावर लिहितो की प्रेषित या पदाला योग्य ठरावी एवढी या स्त्रीची ज्ञानशीलता होती. चौथ्या शतकातील बिशप एपिफानियसच्या नावावर असलेल्या शिष्यांच्या एका यादीत युनियाला पुरुष ठरवले आहे हे खरे, पण तीच यादी प्रिस्किल्लेलाही पुरुष करते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पुढे स्वराघात लिहू लागले तेव्हा नकलनविसांनी ते स्त्रीच्या नावाचे लिहिले. मध्ययुगाच्या उत्तरार्धात धर्मपंडित रोमचा एगिदियस आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारक लूथर यांनी युनियाला पुरुष मानले. अभ्यासकांच्या हाती असणाऱ्या नव्या कराराच्या नेस्लेकृत ग्रीक आवृत्तीत १९२७ साली पुरुषाचा स्वराघात छापला गेला, आणि तो १९९८ च्या पुनर्मुद्रणापर्यंत टिकला. या एकाहत्तर वर्षांत जगभर जी भाषांतरे झाली त्यांतल्या अनेकांत 'युनियास' आला तो या एका चिन्हामुळे. कोणतेही नवे हस्तलिखित सापडले नव्हते. 'प्रेषित म्हणजे पुरुषच' हे आधी ठरलेले होते आणि स्वराघात त्यामागून आला. युनिया स्त्री होती, याविषयी मला शंका नाही. त्या वचनातले शब्द तिला 'प्रेषितांमध्ये नामांकित' म्हणतात की 'प्रेषितांना परिचित', यावर मात्र प्रामाणिक वाद आहे. ख्रिसोस्तोमप्रमाणे मीही पहिला अर्थ धरते.

त्याच अध्यायाच्या आरंभी फिबी या स्त्रीला पौल 'दिआकोनोस', म्हणजे सेवक, म्हणतो, पुरुषांसाठी वापरतो तोच शब्द, त्याच रूपात. स्त्रीसाठी वेगळे 'दिआकोनिस्सा' हे रूप पुढे चौथ्या शतकात रूढ झाले. इंग्रजीतल्या जुन्या भाषांतराने पुरुषाला पदाधिकारी आणि फिबीला नोकर केले. मराठीत सेवक आणि सेविका असे म्हणण्याची रीत असल्याने निदान तो पंक्तिप्रपंच झाला नाही, जरी 'सेविका' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर अंगणवाडी येते, मंडळीचा कारभार येत नाही.

आपण उपासनेत वाचन करता असे लिहिले आहे, म्हणून शेवटी एक गोष्ट करून पाहा. आपल्या प्रतीत १ तीमथ्य ३:११ काढा. सेवकांच्या गुणांची यादी चालू असताना मध्येच 'त्याप्रमाणे स्त्रियाही गंभीर असाव्यात' असे वचन येते. 'गुने' या ग्रीक शब्दाचा अर्थ स्त्री असाही आहे आणि पत्नी असाही, अगदी आपल्या जुन्या 'बायको'सारखा. काही भाषांतरांत येथे 'त्यांच्या' हा शब्द घातलेला असतो आणि त्या स्त्रिया सेवकांच्या बायका होतात. ग्रीकमध्ये तेथे 'त्यांच्या' नाही. आपल्या प्रतीत तो असेल तर पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढून ठेवा.